ट्रेनरवर वाघीण, घाटात शेळी

ताई, मी 36 वर्षांची. पुण्यात सिंहगड रोडला राहते, आयटीत नोकरी, मुलगी दुसरीत. दोन वर्षांपासून हौशी गटात सायकल शर्यती करते. गेल्या पावसाळ्यात स्मार्ट ट्रेनर (घरात सायकल जागेवरच चालवायचं यंत्र) घेतला आणि तेव्हापासून बहुतेक सराव घरातच होतो. वजन 54 किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) 185 वॉट. झ्विफ्टवरच्या, म्हणजे ट्रेनर जोडून खेळायच्या ऑनलाइन शर्यतीत पहिल्या दहात असते. पण डिसेंबरातल्या खऱ्या शर्यतीत पहिल्याच उतारावर मागे पडले आणि उरलेले 40 किलोमीटर एकटीने वाऱ्याशी भांडत काढले. ट्रेनरवर ज्या माझ्या आसपासही नसतात, त्या बायका पुढे निघून गेल्या. ओळखीतल्या एकाला टेम्पोने उडवलं, तेव्हापासून नवरा म्हणतो, घरातच चालव. सासूबाई म्हणतात, पहाटे पाचला घरात गिरणी लावल्यासारखं वाटतं. रस्त्यावरच्या शर्यती सोडून फक्त झ्विफ्टवर रेस करू? की ट्रेनर विकून टाकू? (वजन चार किलो उतरलंय, त्यामुळे आकडे छान आलेत. पाळी तीन महिने आली नाही, पण ती व्यायामामुळेच असणार ना?)
— ट्रेनरवर वाघीण, घाटात शेळी

प्रिय वाघीण,

कंसात लिहिलेलं आधी घेते, बाकीचं नंतर.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस अशा बऱ्याच शक्यता त्यांना आधी तपासाव्या लागतील. घरबसल्या ‘व्यायामामुळेच’ असा निकाल लावू नका. आणि सगळ्या तपासण्यांनंतर तो निकाल खरा ठरला, तरी हायसं वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही. व्यायामाला लागतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री पाळीला लावतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, तेव्हापासून खेळाडूंच्या डॉक्टरांमध्ये त्यावर बरंच बोललं जातं. अशी पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन उतरलेलं असतं, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. सायकलवाल्यांना तर तो दुहेरी. धावताना, उड्या मारताना हाडांना जो दणका बसतो तो सायकलवर बसत नाही, म्हणून भरपूर सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याची हाडं मुळातच विरळ सापडतात. त्यात आपल्या खेळात पडणं हे कधीतरी ठरलेलंच.

आता त्या छान आकड्यांचा हिशेब. 58 किलोला 185 वॉट म्हणजे किलोमागे 3.19 वॉट. 54 किलोला तेच 185 वॉट म्हणजे 3.43. पायांत एक वॉटही वाढला नाही आणि आकडा सुधारला! या मोजमापावरच रांगा लावणाऱ्या खेळात हा मोह सगळ्यांना होतो, तुम्हालाही झाला. ट्रेनरवर तासभर 150 वॉटने पेडल मारलं की साधारण साडेपाचशे किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे पोह्यांच्या दोन बशा. तुम्ही बहुतेक काळी कॉफी पिऊन बसत असणार, मग डबा, मग ऑफिस. बसण्यापूर्वी एक केळं किंवा दोन खजूर, तासाच्या वर सराव असेल तर बाटलीत साखर-मीठ-लिंबू, आणि उतरल्यावर अर्ध्या तासात नीट नाश्ता. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोरकस इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग सैल, असे फेरे) बंद ठेवा. सावकाश सायकल चालवायलाही त्यांनाच विचारा.

हे मार्गी लागलं असं धरून पुढचं लिहिते.

ट्रेनर विकू नका, रस्ताही सोडू नका. ट्रेनर काय देतो आणि काय देत नाही हे कळायला दोन माणसांच्या गोष्टी पुरे आहेत. मॅथ्यू हेमन हा ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू. 2016 च्या फेब्रुवारीअखेरीस एका शर्यतीत पडून त्याच्या हाताचं हाड मोडलं. त्याने गॅरेजमध्ये ट्रेनर लावला आणि झ्विफ्टवर तासन्‌तास पाय चालू ठेवले. एप्रिलमध्ये पॅरिस-रुबे या फरसबंदीच्या खडबडीत रस्त्यांवरच्या शर्यतीत त्याने टॉम बोनेनला शेवटच्या काही मीटरांत हरवलं. ट्रेनरची महती सांगणारे लोक गोष्ट इथेच थांबवतात. हेमन ती शर्यत पंधराव्यांदा धावत होता, हे मात्र सांगायचं राहून जातं. कुठल्या वळणाआधी पुढे सरकायचं, कुणाचं चाक पकडायचं, हे सगळं आधीच अंगात भिनलेलं होतं. गॅरेजमध्ये त्याने फक्त इंजिन गंजू दिलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच वर्षातली, लिआ थॉर्विल्सनची. ही अमेरिकन मॅरेथॉन धावपटू. झ्विफ्टने घरबसल्या सायकलपटूंमधून एक जण निवडून तिला व्यावसायिक महिला संघात जागा द्यायची स्पर्धा ठेवली. ती तिने जिंकली आणि कॅन्यन-स्रॅम संघात दाखल झाली. दमसास तिच्यात होताच. तिला नव्याने शिकावं लागलं ते शंभरेक बायकांच्या घोळक्यात खांद्याला खांदा लावून सायकल चालवणं.

तुम्ही थॉर्विल्सनच्या जागी आहात, आणि हेमनची गोष्ट स्वतःला सांगताय.

डिसेंबरात नेमकं काय झालं ते पाहू. उतारावर बहुधा पन्नासेक मीटर मागे राहिलात, इतकंच. पण पायथ्याला सपाटी होती आणि घोळका 36 च्या वेगाने निघून गेला. हवेचा अडथळा मोडायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. 30 वरून 36 वर जायचं तर त्या खात्यात पावणेदोन पट वॉट मोजावे लागतात. घोळक्यात कुणाच्या चाकामागे असलं की वाऱ्याचा हा भार चौथाईपेक्षा जास्त हलका होतो. एकट्याला पूर्ण भरावा लागतो. आणि सपाटीवर किलोमागचे वॉट कुणी विचारत नाही. 75 किलोच्या बाप्याचे 260 वॉट आणि तुमचे 185 वॉट किलोमागे जवळजवळ सारखेच. सिंहगडावर तुम्ही त्याच्या बरोबरीने चढाल. पण वाऱ्यात तो तुमच्या दीडपट मोठा होत नाही, आणि त्याच्याकडे 75 वॉट जास्त असतात. हलक्या बाईने सपाटीवर एकटं सापडायचंच नाही, हा तुमच्यासाठी पहिला नियम. त्या पुढे गेलेल्या बायका ताकदीने गेल्या नाहीत. त्या उतारावर सुटल्या नाहीत म्हणून गेल्या.

झ्विफ्टवर हे कळायला मार्गच नाही. तिथे उतार लागला की पडद्यावरची बाहुली आपोआप वळते, ब्रेक मारावा लागत नाही, खडी नाही, समोरून वडाप जीप नाही. तुम्ही तेवढ्यात घाम पुसता.

तेव्हा उतारापासून सुरुवात. वेळ याच गोष्टीला द्या, कारण तुमचं दुखणं इथे आहे. पहिलं काम घरातच होईल: टायरमधली हवा. आपल्याकडे रेसिंग सायकल म्हटलं की पंप 100 पीएसआयपर्यंत मारायची खोड आहे. 54 किलोच्या बाईला 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 60 ते 65 पुरते. जास्त हवेने चाक खडबडीत डांबरावर उड्या मारतं, आणि उडणारं चाक वळणावर पकड देत नाही. निम्मी भीती तिथूनच येते. दुसरं, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे बघून घ्या. प्रत्येक सायकलीत तो एकाच बाजूला असतो असं नाही, आणि थांबवण्याची बहुतेक ताकद त्याच ब्रेकमध्ये असते. मग हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर. उतारावर घाबरलेला माणूस वर, हूडवर म्हणजे ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून ताठ बसतो. त्याला वाटतं आपण सावध आहोत. प्रत्यक्षात वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं पडतं आणि ब्रेकवर बोटांची पकडही अर्धवट राहते. ड्रॉप्सवर कोपर सैल सोडून बसलं की सायकल चटकन स्थिर वाटते.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही मिळून. वळणात शिरल्यावर बोटं सैल. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर पूर्ण वजन. नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यात जाते, हे तुम्हालाही माहीत असेल. कठड्याकडे बघितलं की ती कठड्याकडे जाते. वाचायला हे दोन मिनिटांचं आहे, अंगात मुरायला एक हिवाळा लागतो.

जागा कोणती? सिंहगडाचा घाट तुमच्या घराजवळ म्हणून सोयीचा. पण पावसाळ्यात तिथे शेवाळ आणि दरडी, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या, आणि रस्ता अरुंद. दसरा उलटल्यावर, आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, उजाडल्यावर जा. वर येणाऱ्या जीपा आकड्यासारख्या वळणावर पूर्ण रस्ता घेतात, म्हणून टीव्हीवरच्या शर्यतीसारखी आतली कड कापायची नाही. आपली डावी बाजू सोडायचीच नाही. रहदारी चालू असलेल्या घाटात शर्यतीचा वेग हा वेडेपणा आहे, मग स्ट्राव्हा अ‍ॅपवर सगळ्यात जलद म्हणून कुणाचा कितीही मुकुट असो. तुम्हाला तिथे वेग शिकायचा नाही, क्रम शिकायचा आहे: ब्रेक, नजर, पाय. अर्धा घाट चढा, उतरा, पुन्हा चढा. त्याआधी काही दिवस जुन्या कात्रज बोगद्याचा उतार केलात तर आणखी बरं, तो सौम्य आहे.

घोळक्याची भीती वेगळी, आणि तिचा इलाज मैदानात आहे. एखादी मैत्रीण घ्या, गवत असलेलं मैदान गाठा, आणि चालण्याच्या वेगाने शेजारीशेजारी सायकल चालवत एकमेकींना कोपराने ढोसा. खांद्याने ढकला. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक हलकेच टेकवून बघा आणि सावरा. पडलात तरी गवतावर. लोक हसतील, हसू द्या. एकदा शरीराला कळलं की धक्का लागला म्हणजे लगेच पडत नाही, की शर्यतीत ब्रेकवर आपसूक जाणारा हात थांबतो. त्यानंतर शनिवारच्या ग्रुप राइडला जा. वेगवान पुरुषांच्या टोळीत मागे लटकण्यापेक्षा जिथे लोक पाळीपाळीने पुढे येतात, हाताने खड्डा दाखवतात, असा शिस्तीचा गट शोधा. पुण्यात असे गट आहेत. पहिले काही आठवडे फक्त पुढच्या सायकलीमागे एक मीटर अंतर राखणं एवढंच ध्येय ठेवा. वॉट दाखवणारा पडदा त्या दिवशी झाकून टाका.

मग ट्रेनरवर काय? जे तिथे रस्त्यापेक्षा चांगलं होतं, ते. ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपणारे इंटरव्हल: सिग्नल नाही, कुत्री नाहीत, मुलगी उठायच्या आत काम संपतं. पण ट्रेनरचा ‘अर्ग’ मोड बंद करायला शिका. त्यात यंत्र तुम्हाला 180 वॉटला धरून ठेवतं, आणि तुमचे पाय एकाच चालीला सरावतात. रस्त्यावरची शर्यत अशी चालतच नाही. वळणाआधी शून्य वॉट, वळणानंतर दहा सेकंद 400, मग चाकामागे 120, पुन्हा चढाला 300. तासाची सरासरी 150 निघाली, तरी पाय त्या उसळ्यांनी फुटतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस 40 सेकंद जोरात, 20 सेकंद सैल, असे दहा फेरे, मध्ये विश्रांती आणि पुन्हा दहा. त्यातले निम्मे उभं राहून. दुसरा दिवस लांब, स्थिर, एफटीपीच्या जरा खाली, वीस मिनिटांचे दोन तुकडे. ट्रेनरवर एवढं पुरे. तुम्ही रोज मध्यम जोराने दमताय असं पत्रावरून वाटतं: रोज थोडी रेस, रोज थोडा घाम. त्यात सावकाश दिवस सावकाश राहत नाहीत आणि जोराच्या दिवशी जोर उरत नाही.

आणि पंखा. पुण्याच्या जुलैत बंद खोलीत घाम वाळतच नाही, तो नुसता ओघळतो. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, हृदयाचे ठोके त्याच वॉटला दहा-पंधराने वर चढतात, आणि तुम्हाला वाटतं तब्येत घसरली. छताच्या पंख्याचा इथे काही उपयोग नाही. समोर, छातीच्या उंचीवर, मोठा पेडेस्टल पंखा लावा. जमलं तर ट्रेनर गॅलरीत हलवा. हँडलवर टॉवेल टाका, कारण घामातलं मीठ हँडल जिथे जोडलेलं असतं त्या स्टेमच्या आणि हेडसेटच्या बोल्टांत उतरून ते आतून गंजवतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवायला दुकानदाराला सांगा.

गॅलरीत हलवलात तर सासूबाईंचा निम्मा प्रश्न सुटेल. आवाज ट्रेनरचा कमी असतो. त्रास होतो तो थरथरीचा, ती फरशीतून आणि भिंतीतून चढते. खाली जाड रबरी मॅट, त्याखाली एक जुनी सतरंजी, आणि त्यांच्या पलंगाची भिंत सोडून दुसरी भिंत. पाचऐवजी साडेपाच करा आणि ते त्यांना विचारून ठरवा. विचारलं म्हणून पुष्कळ काही सोसलं जातं. गुरुवारी महावितरणने वीज घालवली तर तो विश्रांतीचा दिवस समजा, त्यावरून इन्व्हर्टरच्या बाजारात हिंडू नका.

नवऱ्याशी वाद घालू नका, कारण तो चुकीचं बोलत नाहीये. टेम्पो खरा आहे. त्याला ‘काही होत नाही’ हे नको असतं. त्याला नियम हवे असतात. म्हणून दोघं बसून ठरवा. अंधारात निघायचं नाही, उजाडल्यावरच. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. कानात काही नाही. मोबाइलवरून लाइव्ह लोकेशन त्याच्याकडे. नवले पुलाचा उतार आणि बायपास कायमचा वर्ज्य, तिथे ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात पुणेकरांना सांगायला नकोत. खडकवासल्यावरून पानशेतकडचा रस्ता घ्या, आणि पर्यटकांची गर्दी जागी होण्याआधी घरी परता. एखाद्या रविवारी त्याला स्कूटरवर मागून येऊ द्या. मागे बसून गाड्या किती अंतराने जातात हे स्वतः बघितलं, की त्याची भीती नेमकी होईल, आणि नेमक्या भीतीवर नियम करता येतात. आठवड्यातले दोन जोरकस सराव तुम्ही घरात करणार आहात, हेही त्याला सांगा. म्हणजे रस्त्यावरचे तास कमी होतात आणि जे उरतात त्यांना काम असतं.

फक्त झ्विफ्टवर रेस करण्याबद्दल: तो कमी दर्जाचा खेळ आहे असं मी मानत नाही. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने 2020 मध्ये अशा ट्रेनरवरच्या शर्यतींची जागतिक स्पर्धा सुरू केली, आणि पहिल्या वर्षी महिलांमध्ये दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅश्ली मूलमन-पासिओ जिंकली, जी रस्त्यावरही जगातल्या पहिल्या फळीतली चढाईची सायकलपटू होती. आवड म्हणून तिथे खेळा, मजा घ्या. रस्त्याला घाबरून तिथे जायचं असेल, तर आधी एक मोसम वर लिहिलेलं करून पाहा. मोसमाअखेरीसही उतारावर पोटात गोळा येत असेल आणि घोळक्यात श्वास अडकत असेल, तर खुशाल सोडा. हौस आहे, नोकरी नव्हे.

पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवाल तेव्हा आदल्या आठवड्यात मार्ग फिरून या आणि पहिला उतार कुठे सुरू होतो ते रस्त्यावरच्या एखाद्या खुणेने लक्षात ठेवा: टपरी, मारुतीचं देऊळ, काहीही. त्याच्या दोन किलोमीटर आधी, चढावर, जिथे तुमचे 54 किलो कामाला येतात, तिथे पुढे सरका आणि माथ्यावर पहिल्या तिघींत असा. मग उतारावर तुमच्या वेगाने, तुमच्या ओळीने उतरा. दहा-बारा जणी बाजूने निघून जातील, जाऊ द्या. तेवढ्या जाऊनही तळाला तुम्ही घोळक्याच्या शेपटीत असाल, आणि शेवटच्या बाईचं चाक सापडलं की ते सोडू नका.